ज्याने बांधले, त्याने नखे कापावीत

"आमच्या घरी कुत्र्याची नखे कापावी लागतात," असे मी एकदा मधल्या सुट्टीत सहज बोलून गेले आणि मैत्रिणींमध्ये हशा पिकला. एकीने विचारले, "मग नेलपॉलिश कोणत्या रंगाचं लावतेस?" दुसरी म्हणाली, "शहरातली थेरं कवठ्यात आणू नकोस, बाई." मीही त्यांच्याबरोबर हसले. राग येण्यासारखे त्यात काही नव्हते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी हेच सांगितले असते, तर मीदेखील असेच काहीतरी बोलले असते. परंतु संध्याकाळी एस.टी.ने घरी जाताना मनात आले, की मधल्या दोन वर्षांत जे घडले ते एकदा नीट लिहून काढावे. कारण आमच्या अंगणात जसा कुत्रा आहे, तसा तालुक्यातल्या पुष्कळ अंगणांत आहे. आणि जी चूक आम्ही केली, ती पुष्कळ घरी आजही चालू असेल.

आमच्या कुत्र्याचे नाव खंड्या. त्याची आई आमच्या मेंढरांमागची. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, जन्मभर मेंढरे राखत आले. पावसाळा सरला, की मेंढरे, घोडे, कोंबड्या आणि कुत्री घेऊन चारा-पाण्याच्या शोधात बाहेर पडायचे आणि कित्येक महिने चालायचे, असा त्यांचा शिरस्ता. १९७२ च्या दुष्काळात किती पायपीट केली हे सांगताना ते माणसांच्या हालांबरोबर कुत्र्यांचेही हाल सांगतात. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात जाऊन आल्यावरच त्यांचे वर्ष सुरू व्हायचे. त्यांच्या कुत्र्यांना पट्टा ठाऊक नव्हता. दिवसभर मेंढरांमागे माळ तुडवायचा आणि रात्री वाड्याभोवती जागायचे, हेच त्यांचे जगणे.

पुढे म्हैसाळ योजनेचे पाणी आमच्या शिवारात आले. मेंढरे विकली, द्राक्षबाग लावली. चार-सहा वर्षांत बागेने साथ दिली आणि पत्र्याच्या घराजागी स्लॅबचे घर झाले. सोप्यात गुळगुळीत फरशी बसली. मेंढरे गेली, पण आबांच्या हट्टामुळे एक पिल्लू राहिले. तोच हा खंड्या. त्याला राखण करायला मेंढरे नव्हती, म्हणून ट्रॅक्टर आणि औषधफवारणीचे यंत्र यांची राखण त्याच्याकडे आली. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर धावतो म्हणून त्याला साखळी आली. साखळीची लांबी पाच हात. दोन वर्षे त्याने पाच हातांच्या जगात काढली.

तो फरशीवर चालला, की टिकटिक असा आवाज येई. आम्हांला त्याचे कौतुक वाटे. "घड्याळ आलं बघा," असे माझा धाकटा भाऊ म्हणायचा. नंतर तो पुढचा डावा पाय उचलून धरू लागला. आम्ही म्हणालो, काटा मोडला असेल. मग तो उठायचाच कमी झाला. आम्ही म्हणालो, खाऊन खाऊन आळशी झाला. पाय सारखा चाटू लागला तेव्हाही आम्ही म्हणालो, सवय आहे. आमच्याजवळ प्रत्येक गोष्टीला कारण तयार होते. फक्त खाली वाकून पाय हातात घेऊन बघण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

शेवटी एका रविवारी मी पाय हातात घेतला. पुढच्या पायाला आतल्या बाजूने, जरा वर, एक सुटे नख असते. आपल्या अंगठ्यासारखे. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजतही नाही. खंड्याचे ते नख वाढत वाढत कडीसारखे गोल वळले होते आणि त्याचे टोक त्याच्याच मांसात रुतले होते. भोवती पू झाला होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे एका दिवसात झालेले नव्हते. कित्येक महिने ते नख रोज थोडे थोडे आत जात होते आणि आम्ही त्याच्यासमोर बसून चहा पीत होतो.

त्यानंतर मी जे केले ते आणखी वाईट. कपाटातले आमचे नखे काढायचे नेलकटर आणले आणि आजीचा विरोध न जुमानता कापायला बसले. आजी म्हणत होती, "आगं पोरी, कुत्र्याची नखं कुणी कापतं व्हय? चावंल की त्ये." माणसाच्या चपट्या नखासाठी केलेले ते नेलकटर कुत्र्याच्या गोल, जाड नखावर नीट बसले नाही. मी जोर लावला. नख आडवे चिरले आणि रक्ताची धार लागली. खंड्या किंचाळला आणि त्याच क्षणी त्याचे दात माझ्या मनगटात रुतले. ज्या कुत्र्याने मला जन्मात कधी गुरकावले नव्हते, तो मला चावला. आजही मी त्याला दोष देत नाही. माझ्या नखात कोणी सुरी घातली असती, तर मीही हेच केले असते.

आजी जखमेवर लावायला हळद आणि मिरचीची पूड घेऊन धावत आली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शिकलेले त्या वेळी आठवले म्हणून बरे. कुत्र्याच्या चाव्यावर मिरची, चुना, तंबाखू असले काही लावायचे नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. मी तसे केले. खंड्याला रेबीजची लस टोचलेली नव्हती, हा आमचा दुसरा गुन्हा. मला दंडात सुया घ्याव्या लागल्या. आमच्या गावात अजूनही लोक पोटातल्या चौदा सुयांच्या धास्तीने दवाखान्यात जात नाहीत. पोटातली ती इंजेक्शने कधीच बंद झाली आहेत. आता दंडात चार-पाच वेळा लस घ्यावी लागते, एवढेच. चावा खोल असेल, तर जखमेतही एक औषध टोचतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचत नाही असे म्हटले तरी चालेल. म्हणून "घरचाच कुत्रा आहे, काय होतंय" या बोलण्याला मी आता फार भिते. लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका मुलाला ही लस पहिल्यांदा दिली. तिला एवढी वर्षे झाली, तरी आपण मिरचीच्या डब्याकडेच धावतो.

दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर शेजारच्या वस्तीवर म्हैस बघायला आले होते. त्यांना वाट वाकडी करून घरी आणले. त्यांनी रुतलेले नख काढले, जखम धुतली, औषध दिले. खंड्याला लस टोचली. मग मला जवळ बसवून म्हणाले, "चूक तुझी नाही. तुला कोणी दाखवलंच नाही. आता दाखवतो, ते नीट बघ." त्या अर्ध्या तासात मी जे शिकले आणि नंतर स्वतःच्या हाताने करून जे पटले, ते पुढे लिहिते.

कुत्र्याचे नख म्हणजे नुसते शिंगासारखे कठीण टोक नव्हे. त्याच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांचा एक जिवंत गाभा असतो. आपल्या मराठीत नखाखालच्या या नाजूक भागाला जिव्हाळी म्हणतात. जिव्हाळा हा शब्द तिच्याच घरातला. जिव्हाळीच्या पुढचे नख कापले तर काही दुखत नाही. जिव्हाळीला धार लागली, की जिवाच्या आकांताने ओरडावे असे दुखते. नखे कापण्याची सगळी विद्या या एका गोष्टीत आहे. जिव्हाळी कुठे संपते ते ओळखायचे आणि तिच्या अलीकडे थांबायचे.

नख पांढरे असेल, तर हे काम सोपे. उजेडात धरले, की आतली गुलाबी रेघ दिसते. ती सोडून पुढचे टोक कापावे. परंतु आमच्या खंड्याची नखे काळीभोर आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक गावठी कुत्र्यांची तशीच असतात. काळ्या नखातली जिव्हाळी बाहेरून दिसत नाही. तिथे घाई कामाची नाही. काडीपेटीतल्या काडीच्या जाडीपेक्षाही पातळ असा एकेक काप काढायचा आणि प्रत्येक कापानंतर नखाचे कापलेले तोंड बघायचे. सुरुवातीला ते कोरडे, पांढरट, भुसभुशीत दिसते. पुढे मध्यभागी काळसर, ओलसर असा ठिपका दिसू लागतो. तो ठिपका म्हणजे जिव्हाळीचा उंबरा. तिथे हात थांबला पाहिजे. "अजून थोडं निघेल" असे मनात येते, तेव्हाच नेमके रक्त येते.

नखे फार वाढलेली असतील, तर एका बैठकीत ती लहान करता येत नाहीत, हे मला नवीनच कळले. नखाबरोबर आतली जिव्हाळीही लांबते. म्हणून आठ-पंधरा दिवसांनी फक्त टोक काढीत राहावे. तसतशी जिव्हाळी हळूहळू मागे सरते आणि काही महिन्यांत नख मूळच्या मापावर येते. खंड्याच्या बाबतीत याला चार महिने लागले. एकदा माप बसले, की मग तीन-चार आठवड्यांनी बघितले तरी पुरते. खूणही सोपी आहे. कुत्रा सपाट फरशीवर सरळ उभा असताना त्याची नखे जमिनीला टेकू नयेत. टेकत असतील, तर प्रत्येक पावलाला नख मागे दाबले जाते, बोटे फाकतात, पाय वाकडा पडतो आणि सांधे दुखू लागतात. ज्या टिकटिकीचे आम्हांला कौतुक होते, ती टिकटिक म्हणजे त्याची तक्रार होती.

हत्यार धारदार हवे. कुत्र्याच्या नखांसाठी वेगळी कात्री मिळते. तिच्या पात्यांना गोल खाच असते, त्यामुळे नख चिरडत नाही. सांगली-मिरजेला जनावरांच्या औषधांच्या दुकानांत विचारावे. भोथऱ्या हत्याराने नख कापले न जाता दाबले जाते आणि ते दाबणेच कुत्र्याला सोसत नाही. आमच्या आबांनी नंतर एक युक्ती सुचवली. कापल्यावर टोक कानशीने हलकेच घासायचे, म्हणजे फरशीला वा माणसाला ओरखडे उठत नाहीत. आबांनी आयुष्यभर मेंढरांचे खूर काढले आहेत. त्यांचा हात माझ्यापेक्षा सहज चालतो.

हत्याराआधी मात्र हात लागतो. मी पहिल्यांदा केलेली खरी चूक नेलकटरची नव्हती. दोन वर्षे ज्याच्या पायाला कोणी हात लावला नव्हता, त्याचा पाय एकदम मुठीत आवळला, ही ती चूक. कुत्र्याचे पंजे फार हळवे असतात. म्हणून आधी काही दिवस नुसता पाय हातात घ्यायचा, बोटे एकेक करून दाबायची, भाकरीचा तुकडा द्यायचा आणि सोडून द्यायचे. पुढे कात्री नुसती जवळ ठेवायची, तिला हुंगू द्यायचे. मग एक नख कापायचे, एकच. आज एक पाय, उद्या दुसरा. सगळी नखे एका दिवशी झालीच पाहिजेत असा कोणाचाही हुकूम नाही. भरपूर उजेड असावा, पोरेटोरे भोवती नसावीत, धरायला ओळखीचे माणूस असावे. कुत्रा दमल्यावर, फिरून आल्यावर हे काम बरे होते. तो थरथरू लागला, ओठ मागे ओढू लागला, नजर चोरू लागला, तर त्या दिवशीचे काम संपले असे समजावे. मारून, दटावून हे काम कधीच होत नाही. ज्याला तोंड बांधल्याशिवाय हात लावता येत नाही, असा कुत्रा डॉक्टरांकडेच न्यावा. आणि तोंड बांधलेच, तर नाकपुड्या मोकळ्या ठेवून, थोडाच वेळ, तेही उन्हात कधी नाही. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. तोंड बांधले, की तो मार्ग बंद होतो.

एवढे करूनही कधी जिव्हाळीला धार लागतेच. माझ्याकडूनही नंतर दोनदा लागली. अशा वेळी आरडाओरडा करू नये. तुरटीची पूड, तीही नसेल तर तांदळाचे पीठ किंवा मैदा, नखाच्या टोकाला लावून स्वच्छ फडक्याने पाच मिनिटे घट्ट दाबून धरावे. मध्ये मध्ये उघडून बघू नये. बहुतेक वेळा रक्त थांबते. पंधरा-वीस मिनिटांत थांबले नाही, तर डॉक्टर गाठावा. दाढीनंतर लावण्याची तुरटी आमच्या घरी होतीच. आता तिचा एक खडा कुटून कात्रीजवळच्या डबीत ठेवला आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याच भागाला जास्त लागू आहे. कुत्र्याला लालूच दाखवायची, तर आमच्याकडे हात सहज जातो तो बेदाण्याच्या डब्याकडे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, बाजारात मान आहे आणि आमच्या घरात तर पोत्याने असतो. परंतु द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे बाधू शकतात. त्याने उलट्या होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन कुत्रा दगावूही शकतो. किती खाल्ल्याने बाधेल याचा नेम नाही. एखादा कुत्रा बागेत पडलेले मणी खाऊन धडधाकट राहतो, तर दुसरा मूठभर बेदाण्याने जातो. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे अलीकडे संशयाने पाहिले जाते. माझा भाऊ खंड्याला प्रेमाने बेदाणे चारीत असे. डॉक्टरांनी हे सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. जे पीक आपल्याला जगवते, तेच दारातल्या प्राण्याला मारू शकते, हे द्राक्षांच्या मुलखात प्रत्येक घरी माहीत असायला हवे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आबांच्या कुत्र्यांची नखे कोणी कापली होती? कोणीच नाही. मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "माळावरचा दगूड कापायचा की." यात सारे आले. चालणाऱ्या कुत्र्याची नखे जमीनच घासते. त्यामुळे वेशीत फिरणाऱ्या मोकळ्या कुत्र्यांना पकडून नखे कापायला कोणी निघू नये. त्यांना त्याची गरज नाही आणि तुमच्या हाताचेही ते हिताचे नाही. गरज आहे ती आपण बांधून घातलेल्या कुत्र्याला. माळ आपण काढून घेतला, दगड आपण काढून घेतला, मेंढरे आपण विकली. मग दगडाचे काम करायचे कोणी? माझे उत्तर साधे आहे. ज्याने बांधले, त्याने नखे कापावीत.

आपल्याला हे समजत नाही असेही नाही. बेंदूर जवळ आला, की बैलांची शिंगे साळून रंगवतो. बैल लंगडू नये म्हणून त्याच्या खुरांना पत्र्या मारून घेतो. तान्ह्या मुलाची नखे ते झोपेत असताना हळूच काढायची, हे आमच्या आजीला कोणी शिकवावे लागले नाही. म्हणजे हात आहेत, कसब आहे, मायाही आहे. फक्त कुत्र्यापाशी आले, की आपण म्हणतो, कुत्रंच ते. बैल लंगडला तर नांगर थांबतो, म्हणून त्याचा पाय दिसतो. कुत्रा लंगडला तर आपले काहीच थांबत नाही.

तसे पाहिले, तर आपल्या श्रद्धेत कुत्र्याला मोठे स्थान आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री आहेत. धर्मराजाने सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले, ही महाभारतातली कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या शेजारच्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिकडची शिकारी कुत्र्यांची जात जोपासली, ती इंग्लंडच्या राजापर्यंत पोहोचवली. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळच्या कुत्र्याचे तिकीट होते. आमच्या भागातही अशी उंच, सडपातळ कुत्री बाळगण्याची हौस वाढली आहे. परंतु वाऱ्यासारखे धावण्यासाठी जन्मलेला प्राणी फार्महाउसच्या फाटकाशी साखळीला बांधून ठेवला, तर हौस आपली फिटते, पाय त्याचे जातात.

कायद्यानेही हे ओळखले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात मारहाणीबरोबर आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. प्राण्याला अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे हिंडू-फिरू न देणे, हाही गुन्हा आहे. कुत्र्याचा उल्लेख तिथे नावानिशी आहे. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठरला तो पन्नास रुपयांपर्यंतचा. या दंडाला कोणी भिईल असे मला वाटत नाही आणि पोलिसांनी घरोघर जाऊन कुत्र्यांची नखे मोजावीत असेही माझे म्हणणे नाही. परंतु साठ वर्षांहून अधिक काळ जे कागदावर लिहिलेले आहे, ते आमच्या सोप्यात कोणाला माहीतच नव्हते, याची मला लाज वाटली.

या लेखावर एक आक्षेप येईल हे मला ठाऊक आहे. आबांच्या वयाचे एक गृहस्थ मला तोंडावर म्हणाले, "हितं माणसांचं हाल कुत्रं खाईना, आन् तू कुत्र्याची नखं घिऊन बसलीस." त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. आपला तालुका दुष्काळी. अग्रणीचे कोरडे पात्र आपण सर्वांनी पाहिले आहे. टँकरच्या रांगेत मी स्वतः उभी राहिले आहे. परंतु महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे आणि एक कात्री, एवढ्याने कोणाच्या तोंडचे पाणी पळत नाही. उलट दुष्काळात राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याची कळ लवकर समजावी, असे मला वाटते. ज्या घरात खाली वाकून कुत्र्याचा पाय बघण्याची सवय आहे, त्या घरात म्हाताऱ्या माणसाचा सुजलेला पायही लवकर दिसतो. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. खंड्यानंतर महिन्याभरात आजीची टाच भेगाळून रक्त येत असल्याचे माझ्या लक्षात आले. ती तीन वर्षे तशीच चालत होती. तिनेही तक्रार केली नव्हती.

आता आमच्याकडे काय चालते तेही सांगते. साखळी पूर्ण सुटलेली नाही, कारण घर रस्त्याला आहे. पण पहाटे वडील आणि संध्याकाळी मी किंवा भाऊ, खंड्याला दोरीने बांधावरून, मुरमाच्या रस्त्याने फिरवून आणतो. त्यामुळे कापण्याचे काम निम्म्याने कमी झाले. वरचे अंगठ्याचे नख मात्र जमिनीला लागत नाही, ते बघावेच लागते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सोप्यात उजेडाला बसतो. आबा त्याला मांडीशी धरतात आणि मी कापते. आजी लांबून सूचना करते. ती आता "कुत्र्याची नखं कुणी कापतं व्हय" असे म्हणत नाही. "काळं टिपकं दिसलं का बघ आधी," असे म्हणते.

खंड्याने मला लगेच क्षमा केली असे मात्र समजू नये. त्या पहिल्या दिवसानंतर मी जवळ गेले, की तो पाय पोटाखाली घेऊन बसायचा. शेपूट हलवायचा, हात चाटायचा, पण पाय देत नसे. हे पाच महिने चालले. रोज त्याच्याशेजारी बसायचे, पायाला बोट लावायचे, तुकडा द्यायचा, उठायचे. कॉलेजच्या परीक्षेतसुद्धा मी एवढा नेम पाळला नसेल. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी सोप्यात वाचत बसले होते. तो आला, शेजारी बसला आणि पुढचा डावा पाय माझ्या पुस्तकावर ठेवला. त्या दिवशी कात्री आणली नाही. नुसता पाय हातात घेऊन बसले.

वाचकांपैकी ज्यांच्या दारात कुत्रा बांधलेला आहे, त्यांना माझी एवढीच विनंती. हा अंक खाली ठेवल्यावर एकदा उठा, त्याच्यापाशी जा आणि त्याचे चारही पाय बघा. पुढच्या पायाचे आतले, वरचे नख विसरू नका.